माझ्या अक्षरातली, मी न लिहिलेली ओळ

आधीच सांगते, पुरावा मागू नका. पुरावा होता. तो मीच डिलीट केला, माझ्याच अंगठ्याने. का केला ते पुढे येईल.

दुसरं म्हणजे, भूत, चकवा, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. माझ्या सासरी एक चुलत सासूबाई दर अमावास्येला घुमायच्या. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांच्यासमोर लिंबूपाणी ठेवून म्हटलं होतं, "घुमून झालं की प्या, उन्हाळा आहे." तर मी अशी बाई. आणि ज्यांना आत्ताच "ताई, तुम्ही झोपेत लिहिलं असेल" असं लिहायचं आहे, त्यांनी थोडा धीर धरावा. त्या रात्री मी गावातच नव्हते.

मी पवनीला एक सार्वजनिक वाचनालय चालवते. पुस्तकं पहिल्या खोलीत, मागच्या खोलीत अभ्यासिका. तिथे पूर्वी फक्त तलाठी-पोलीस भरतीची मुलं बसायची. आता सात-आठ पोरं-पोरी कोडिंग शिकायला बसतात, कारण इथे वायफाय आहे, पंखा आहे आणि कुणी "एवढा वेळ मोबाईलमध्ये काय करून राहिली?" असं विचारत नाही.

अभ्यासिकेच्या दारासमोर मोठा फळा आहे. वर्षानुवर्षं त्यावर रोजची बातमी आणि सुविचार असायचा. सुविचार वाचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, म्हणून तो बंद केला. आता फळ्याचे दोन भाग आहेत. डावीकडे 'नवीन काय': कुठल्या भाषेची नवी आवृत्ती आली, कुठलं टूल बंद होणार, कुठे सुरक्षेची भानगड निघाली. उजवीकडे 'शिकायचं कुठे': फुकट कोर्स, बरे व्हिडिओ, सरावाची गणितं. मला स्वतःला कोडिंगचं ओ का ठो कळत नाही. मी इंग्रजी साइटवरच्या बातम्या वाचते, अर्थ लावते, अडलं की पोरांना विचारते आणि सोप्या मराठीत लिहिते.

माझी पद्धत ठरलेली आहे. संध्याकाळी बंद करताना दुसऱ्या दिवशीचा फळा लिहायचा, कोपऱ्यात तारीखही दुसऱ्या दिवशीची. आधी अक्षरं, मग लाकडी पट्टी धरून सगळ्या ओळीवर एकच सरळ शिरोरेघ. खडू मी इतका दाबते की पुसल्यावरही दोन दिवस खूण राहते. मग फळ्याचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे रोज येऊ न शकणाऱ्यांनाही वाचता येतो.

यातलीच एक काजल. घरी हातमाग, बाप अजून विणतो. या पोरीने पैसे भरून एकही क्लास न लावता, फळ्यावरचे फुकट कोर्स करत करत, भंडारा रोडवरच्या एका राईस मिलसाठी ॲप बनवलं होतं. धानाची गाडी घेऊन येणाऱ्याला मोबाईलवर टोकन मिळेल आणि नंबर आला की निरोप जाईल, म्हणजे मिलच्या फाटकासमोर दिवसभर ताटकळायला नको. शेठला पसंत पडलं तर काजलला मिलच्या ऑफिसात कायमचं काम मिळणार होतं. गावात राहून, स्वतःच्या विद्येवर. नाहीतर पुण्याला जाऊन एका खोलीत पाचवी म्हणून राहायचं आणि कॉल सेंटरची वाट बघायची.

दाखवायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखा फळा लिहिला, फोटो टाकला, काजलने कुलूप लावलं आणि किल्ली मी तिच्याकडेच ठेवली. कारण सानगडीला माझ्या भावाच्या नातवाचं बारसं होतं आणि मी तिथेच मुक्काम करणार होते. काजल मला बसस्टँडपर्यंत सोडायलाही आली.

सकाळी बारशाच्या घुगऱ्या उपसत होते तेव्हा तिचा फोन.

"ताई, तुम्ही काल मागून येऊन काही लिवून गेल्या का?"

"मी बसमध्ये बसले ते तू पाहिलंस ना? कशी येणार?"

"मग ही खालची ओळ कोणाची? तुमचंच अक्षर आहे."

तिने फोटो पाठवला. मी घरातल्या गोंगाटातून उठून मागच्या अंगणात गेले, चष्मा पुसला आणि पाहिलं. माझा फळा जसाच्या तसा होता. फक्त डाव्या भागात सगळ्यात खाली एक जास्तीची ओळ:

'तारखेचं पॅकेज आज अपडेट करू नका. नवीन आवृत्ती त्याची नाही.'

माझं अक्षर. माझी पट्टीने मारलेली शिरोरेघ. दाबून उमटवलेला माझा खडू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रोग्रॅम लिहिणारे सगळंच स्वतः लिहीत नाहीत. कुणीतरी आधी लिहून फुकट ठेवलेले तयार तुकडे असतात, ते आणून जोडतात. त्यालाच पॅकेज म्हणतात. तारीख-वार नीट दाखवणारं असं एक पॅकेज काजलच्या ॲपमध्ये होतं. कुठल्याशा देशातला एक माणूस ते एकटा सांभाळतो.

"मी मिलवर निघाच्या आधी सगळं अपडेट मारणारच होती ताई. शेठले नवंकोरं दाखवाचं म्हणून."

"मग थांब," मी म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही.

ती थांबली. आणि त्यानंतर, सकाळीच कधीतरी, त्या पॅकेजची नवी आवृत्ती जगभर गेली. दुपारपर्यंत बातमी आली: त्या माणसाचं खातं कुणीतरी पळवलं होतं, नवी आवृत्ती चोराने काढलेली होती, आणि ती ज्याने घेतली त्याच्या कॉम्प्युटरमधले पासवर्ड बाहेर जात होते. काजलच्या लॅपटॉपवर मिलच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड होते.

म्हणजे पोरगी वाचली. आता आनंद व्हायला हवा की नाही?

मी दुपारच्या बसने परत आले तर फळ्यापुढे उदबत्ती! शेजारच्या काकूंनी लावलेली. मी ती चिमटीत विझवली. कागदाच्या खोलीत आग लावता, वर मलाच विचारता, "ताई, उद्या काय लिवणार आहे ते सांगा न जी, पोराचा इंटरव्ह्यू आहे." मी म्हटलं, "उद्याही अभ्यासच लिहिणार आहे. त्याला पाठवा." भरतीवाल्यांतला एकजण लगेच म्हणाला, "ताई, पेपरचे प्रश्न बी येतात का खालच्या ओळीत?" त्याला झाडू दिला हातात.

पण काजल कोपऱ्यात बसून रडत होती.

झालं असं, की ॲप छान चाललं. शेठ खूश. व्हिडिओ कॉलवर त्यांचा पुतण्या होता, नागपूरला कंपनीत इंजिनिअर. त्याच्या स्वतःच्या कंपनीत सगळ्यांनी सकाळी ती आवृत्ती घेतली होती आणि ते सगळे तेव्हा पासवर्ड बदलत बसले होते. काजलने भोळेपणाने आपला फोटो दाखवला: "आमच्या फळ्यावर सकाळीच होतं!" पुतण्याने फोटोची वेळ पाहिली. आवृत्ती बाहेर पडायच्या आधीची. आणि शेठला म्हणाला, ज्याला आधी माहीत होतं तो चोराचाच माणूस.

संपलं. शेठनी लॅपटॉप ठेवून घेतला, काम थांबवलं आणि सायबर पोलिसांत जातो म्हणाले.

मला इतका संताप आला की पायातल्या चपला काढायचं भान राहिलं नाही. शेठचा राग, पुतण्याचा राग. आणि सगळ्यात जास्त त्याचा, जो कोण माझ्या अक्षरात लिहून मोकळा झाला आणि निस्तरायला आम्हाला ठेवून गेला.

खरं सांगून उपयोग नव्हता. 'आपोआप उमटलं' म्हटलं असतं तर शेठनी मलाही आत घातलं असतं. ग्रुपवर संध्याकाळचा फोटो होता. त्यात ती ओळ नाही. मी संध्याकाळी ती लिहिली नव्हती याचा जगातला एकमेव पुरावा. मी तो सगळ्यांसाठी डिलीट केला, आपल्या फोनमधूनही काढला आणि दुसऱ्या दिवशी काजलला घेऊन मिलवर गेले.

"काहून आल्या बाई?" शेठ म्हणाले.

"कबूल करायला. ती ओळ मी लिहिली, आदल्या संध्याकाळी. अक्षर माझंच आहे, जुळवून पाहा."

शेठनी पुतण्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "पण मॅडम, तुम्हाला आधी कसं कळलं?"

"वाचून. एका इंग्रजी फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं की त्या माणसाचं खातं पळवल्यासारखं वाटतंय. मी रोज संध्याकाळी बातम्या वाचते, फळ्यावर लिहिते."

"कोणता फोरम?"

इथे माझा तोल गेला, आणि बरं झालं. "मला विचारतोस? इंजिनिअर तू, पगार तुला. पवनीतली बारावी पास बाई रोज वाचते आणि तू वाचत नाहीस? तुझ्या कंपनीचे पासवर्ड गेले ते काय आमच्या फळ्याने नेले? आणि संशय घेतोस या पोरीवर, जिने तुझ्या काकाची खाती वाचवली!"

 मग शेठच फोनकडे बघून हसले, "बोल न बावा आता!" आणि मला म्हणाले, "तं मग हे कालच सांगाचं न बाई. पोट्टीले फुकट रडवलं. सोमवारपासून ये वो तू."

काजल मान खाली घालून उभी होती. कुलूप तिनेच लावलं होतं. तिला सगळं माहीत होतं.

तो फोरम मी नंतर खरंच शोधला. आठवडाभर. पोरांनाही कामाला लावलं. तशी पोस्ट कुठेच नाही. खातं रात्री गेलं, असं त्या माणसाने स्वतःच नंतर लिहिलं. म्हणजे मी बसमध्ये बसले तेव्हा जगात कुणाला, बहुतेक चोर सोडून, काही माहीत नव्हतं. कडी, खिडक्या, सगळं तपासलं. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये सानगडीला होती. 

त्यानंतर तशी ओळ पुन्हा आली नाही. फळा मी रोज लिहिते. काजल मिलमधून सुटली की अधूनमधून येते. मागच्या आठवड्यात मी तिच्यापुढे पुन्हा तणतणले, की लिहायचंच होतं तर ज्याने त्याने आपापल्या अक्षरात लिहावं, मला खोटं बोलायला लावलं!

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या अक्षरात असतं तं मी मानलंच नसतं ताई. पुसून टाकलं असतं न."

तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. त्या दिवसापासून मी फळ्याच्या डाव्या भागात खाली एका ओळीची जागा मोकळी सोडते. पोरं विचारतात, काहून? मी सांगते, खडू महाग झालाय.