ताईच्या लाटा

ताई गेली तेव्हा तिचं शेवटचं काम अर्धवट होतं. इलेक्ट्रॉनांचा पुंजका चुंबकांच्या वळणांतून नेऊन आखूड करायचा, पण त्याची घडी मोडू द्यायची नाही, असं ते काम. वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात. पुंजका वळसा घेतो, प्रकाश सरळ जातो. म्हणून मागच्यांचा प्रकाश पुढच्यांना गाठतो आणि विस्कटून टाकतो. "मागचे ढुशी देतात रे," ताई म्हणायची, "दिवाळीच्या गर्दीत फडके रोडवर देतात तशी."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. तेराव्यानंतर तिच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. तिच्या शेवटच्या आलेखात बारीक लाटा होत्या. त्या खऱ्या असतील तर तिची रचना बाद होणार होती. ठाकुर्लीला तिच्या घरी, तिच्याच संगणकावर, पुंजक्याच्या प्रवासाची तिची गणना मी पुन्हा चालवली.

तोच आलेख आला. शेवटच्या दशांशापर्यंत तोच. पुन्हा चालवली. तोच. भर दुपार होती, खाली भंगारवाला ओरडत होता, आणि खोलीत कुणीतरी माझ्या आधीच उत्तर लिहून ठेवत होतं. मी खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

मग रोज दुपारी जाऊ लागलो. त्या सहकाऱ्याला फोनवर सांगितलं, तोच आलेख येतोय, वेळ लागतोय.

"अहो, तोच आलेख येणार ना!" ते म्हणाले. "संगणकाला सगळे इलेक्ट्रॉन झेपत नाहीत. तो थोडेच कण पेरतो, कुठे ते एका आकड्यावरून ठरवतो. पेरणीचा आकडा तोच, तर पीकही तेच. मॅडम आकडा कधी बदलायच्या नाहीत. किती भांडलो मी! तुम्ही बदला, कणही वाढवा. लाटा राहिल्या तर दोष खरा. विरल्या तर नुसता गणनेचा गोंगाट."

"आणखी चार दिवस मिळाले तर?"

"उद्या बैठक आहे, सर."

हे मला कळत नव्हतं असं नाही. वर्गात मीच शिकवतो. तरी तिचा आकडा खोडायला हात पुढे जाईना.

शेवटी आकडा खोडला, दुसरा टाकला, कण वाढवले. यंत्राचा पंखा बराच वेळ घरघरला आणि थांबला. आलेख गुळगुळीत आला. आणखी एक आकडा, आणखी एक. लाटा कुठेच नव्हत्या. तिची रचना बरोबर होती.

"जिंकल्या मॅडम!" फोनवर ते ओरडलेच.

त्यानंतर खोलीत मी एकटा होतो. इतके दिवस नव्हतो. तिचा आकडा मला पाठ होता. तो टाकला की त्याच लाटा घेऊन ती येणार, हेही ठाऊक होतं. म्हणून टाकला नाही.