खुणेचं औषध

नव्वदच्या दशकात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पाठीवर जखमा करत होते. गोल, स्वच्छ, साच्यातून काढल्यासारख्या. मग जखम भरून आणणारं एक प्रथिन त्यांच्या शेपटीच्या शिरेत टोचायचं. ते अंगात कुठं जातं हे कळावं म्हणून त्याला किरणोत्सारी आयोडीनची खूण चिकटवलेली असे. तासाभराने उंदीर मारायचा, यकृत, मूत्रपिंड, जखमेची कातडी वेगवेगळ्या नळ्यांत घालायची आणि यंत्रात किरण मोजायचे. माझा हात त्यात छान बसला होता आणि त्याचा मला तोराही होता.

इकडे घरी, आगाशीला, बाबांच्या टाचेला जखम झाली. त्यांचा मधुमेह जुना, पण पानवेलीच्या वाडीत चप्पल घालून शिरायचं नाही, हा आमच्या घरचा नेम त्याहून जुना. डॉक्टर ओरडले, आई रडली, मी तर नको नको ते बोलले. बाबा अनवाणीच वेली बांधत राहिले.

डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं, तेव्हा बाबा हसले. "माजी पोरगी जखमेचंच औषद करते. ती आनेल."

रात्री जेवताना मी सांगितलं, "बाबा, ते औषध म्हणून नाही देत आम्ही. कुठं जातं तेवढंच बघतो."

"मग कुठं जातं?"

"बहुतेक सगळं यकृतात नि मूत्रपिंडात."

"आनि जखमेत?"

"थेंबभर."

"म्हंजे आपल्या नलाचं पानीच की!"

आईसुद्धा हसली. मला इतका संताप आला, की मी ताटावरून उठले.

एवढं ऐकूनही ते वाटच बघत होते. संध्याकाळी मुंबईहून परतून मी घरात शिरले की आधी माझ्या पिशवीकडे नजर जायची. टाच काळी पडली, खोलीत वास सुटला, तेव्हा कुठे दवाखान्यात गेले. पाय गुडघ्याखालून काढला.

कुबड्यांची सवय झाल्यावर वाडीत जायचा हट्ट धरला. मी सोबत गेले. वाडीच्या तोंडाशी ते थांबले आणि उरलेल्या पायातली चप्पल काढायला लागले. मी किंचाळले, "बाबा, पुरे झालं आता!"

त्यांनी वर बघितलं. "तुज्या उंदरांच्या जखमा भरल्या का गं?"

"भरायच्या आधीच मारतो त्यांना."

"बरं करता," ते म्हणाले आणि चप्पल बाहेर ठेवून आत गेले.