होडीवरचा पत्रा

२०२२ साल. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो. परंडा तालुक्यात धरणाच्या पाण्यावर मासे धरून जगणारी जी माणसं आहेत, त्यातला मी एक. शाळा तिसरीपर्यंत. हे लिहितोय ते नातीनं दिलेल्या वहीत. अक्षर माझं आहे, चुका असतील तर त्याही माझ्याच.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. पुनर्वसनाच्या गावात जी खोली मिळाली ती पत्र्याची, आणि आजूबाजूला सावलीला झाड म्हणून नाही. चैत्र लागला की अकरा वाजल्यापासून त्या खोलीत माणूस भाजून निघतं. म्हणून आम्ही नवराबायको उन्हाळ्यात दिवसभर होडीतच राहायचो. सकाळी जाळी ओढायची, मासे काठावर व्यापाऱ्याला द्यायचे, आणि मग भाकरी, पाण्याचा डेरा, कुत्री, मांजर असं सगळं बिऱ्हाड होडीत घालून आत खोल पाण्यावर जायचं. ऊन कललं की परत.

होडीवर बांबूचा मांडव, त्यावर ज्वारीचा कडबा. एवढंच आमचं छप्पर. त्या साली चैत्रात जुना कडबा पार कुजून गेला होता. बायको म्हणाली, "अवो, चार पेंढ्या कडबा आणा."

मी म्हणालो, "कडबा कशाला? घरचा पत्रा हाय की."

हा पत्रा म्हणजे माझ्या बापाच्या घराचा. पाणी गावात यायच्या आधी आम्ही घरं उतरवली, तेव्हा मी तो आठ पानं पत्रा बैलगाडीत घालून आणला होता. खोलीच्या मागं इतकी वर्षं तसाच पडून होता. भंगारवाला दर उन्हाळ्याला विचारायचा आणि मी दर उन्हाळ्याला त्याला हाकलायचो. आता सांगतो, माझ्या मनात काय होतं. उन्हाळ्यात मी होडी जिथं उभी करतो, त्याच्या खाली आमचं जुनं घर आहे. पलीकडच्या काठावरची टेकडी आणि चिंचेचं वाळलेलं खोड एका रेषेत आणलं की बरोबर घरावर होडी येते. मला तिथं, बापाच्या पत्र्याखाली, एक उन्हाळा बसायचं होतं. हे बायकोला सांगितलं असतं तर ती कदाचित हसली असती, कदाचित बसलीही असती. पण मी सांगितलं नाही.

ती म्हणाली, "पत्र्याखाली जीव जातो म्हणून तर होडीत येतो आपण. आन् होडीवर बी पत्राच?"

"पाण्यावर पत्रा तापत न्हाय," मी म्हणालो. "खाली गार पाणी असल्यावर कसा तापंल?"

असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं. आणि एकदा बोललो म्हणजे बोललो.

तीन पानं पत्रा मांडवावर ठोकला. पहिल्याच दिवशी दुपारी हात लावला तर चटका बसला. मी हात मागं घेतला आणि पाण्यात बुडवला. दुसऱ्या दिवशी कुत्री होडीत यायला तयार होईना. काठावर बसून माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी तिला उचलून आत टाकली. मांजर तर फळीखाली जाऊन बसली ती संध्याकाळीच बाहेर आली. जनावराला कळलं होतं. बायकोलाही कळलं होतं. दिवसभर डेऱ्यातलं पाणी पीत होती आणि पदर भिजवून डोक्यावर घेत होती.

चौथ्या दिवशी ती बसल्या जागी कलंडली.

शेजारच्या होडीतल्या गड्याला हाक मारली. दोघांनी मिळून तिला काठावर आणलं, तिथून परंड्याला दवाखान्यात. सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत बार्शीहून लेक आणि जावई आले. जावई शिकलेला माणूस. त्यानं विचारलं, "आबा, काय झालं असं एकदम?"

मी म्हणालो, "पाणीच पीत न्हाय ती. दहादा सांगितलं. ऐकंल तर खरं."

ती खाटेवर जागी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर बार्शीला गेली. तिथं स्लॅबचं घर, कूलर. मांजर न्यायची म्हणत होती, पण मांजर मोटारीत बसेना. ती माझ्याकडंच राहिली.

पुढचे सहा आठवडे मी, कुत्री आणि मांजर. माणूस नसल्याची जाणीव मला आधी होडीनं करून दिली. बायको पुढच्या टोकाला बसायची आणि मी मागच्या. दोघांच्या वजनानं होडी पाण्यावर ताटासारखी सपाट राहायची. ती गेल्यावर माझं टोक खाली, तिचं वर. वल्हं मारलं की नाक भलतीकडंच जायचं. चाळीस वर्षं वल्हं मारतोय, पण मला होडी सरळ नेता येईना. मग तिच्या जागी भरलेला डेरा ठेवला. तरी फरक राहायचाच. डेरा काय, जिथं ठेवला तिथंच राहतो. ती वारा बघून बूड इकडचं तिकडं सरकवायची, मला न सांगता. इतकी वर्षं मला वाटत होतं की होडी मी चालवतो. आता तर बायको वारली, त्याला दोन वर्षं होतील. अजूनही मी तिथं डेराच ठेवतो.

फोन लेकीचा यायचा, पण बोलायची बायको. पहिला प्रश्न, "मांजर जेवली का?"

"जेवली. चिलापीचं डोकं खाल्लं अख्खं."

"आन् कुत्री?"

"ती बी जेवली. माझं विचार की कवातरी."

"तुमी मागून घेता. त्यांना मागता येत न्हाय."

मग मी विचारायचो, "कवा येतीस?"

"पत्रा हाय का अजून?"

"हाय."

"मग बघू," म्हणायची आणि फोन लेकीकडं द्यायची.

मला वाटायचं, हिला पत्र्याचंच घेऊन बसायचंय. आणि मीही पत्र्याखालीच बसून राहायचो. शेजारचा गडी हसायचा. त्यानं आपल्या होडीवर हिरवी शेडनेट बांधली होती. म्हणायचा, "आबा, आता त्या पत्र्यावरच भाकरी भाजा. सरपण वाचंल."

वैशाखाच्या अखेरीला एका दुपारी वारा एकदम पडला. पाणी आरशासारखं झालं, वरून ऊन आणि खालून त्याची तिरीप. कुत्री जीभ टाकून धापा टाकत होती. थोड्या वेळानं तिची धाप एकदम उथळ झाली, तोंडाला फेस आला आणि मान टाकली. मी तिला उचलली आणि कपड्यांसकट पाण्यात उतरलो. डोक्यावर एकदम गार पाणी ओतू नये हे मला ठाऊक होतं. आधी पंजे भिजवले, मग पोट, मग मान. एका हातानं होडीचा काठ धरून किती वेळ तसा पाण्यात होतो कुणास ठाऊक. मान पाण्याबाहेर राहावी म्हणून तिला खांद्यावर घेतली होती. शेवटी तिनं माझा कान चाटला.

बायको कलंडली तेव्हा मी हाक मारली होती, शेजारी धावला, गाडी आली, धावपळीत विचार करायला वेळच नव्हता. त्या दिवशी पाण्यात होडीला लटकून विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

संध्याकाळी काठावर होडी ओढून पत्रा उचकटला. शेजारच्या गड्यानं विचारलं, "काय आबा, उतरवला?"

"गंजलाय," मी म्हणालो.

आता कडबा कसा घातला ते सांगतो, कारण हे पोरांना येत नाही. ती शेडनेट बांधतात आणि म्हणतात झालं. दोन थर घालायचे. खालचा पातळ, वरचा जाड, आणि दोन्हींच्या मध्ये बांबू आडवे टाकून वीतभर जागा मोकळी सोडायची. वरचा थर तापतो, मधून वारा जातो, खालचा गारच राहतो. वरच्या थरावर एकदाच सकाळी पाणी मारायचं. जास्त मारलं तर कडबा जड होतो आणि होडी डोक्याकडून झुकते. उन्हाच्या बाजूला पोत्यांचा पडदा सोडायचा, पण पोत्याचं खालचं टोक पाण्यात चार बोटं बुडालं पाहिजे. मग पोतं आपलं आपण पाणी पितं, दिवसभर ओलं राहतं, मारायची गरज नाही. होडीच्या तळाला पाणवेली पसरायच्या, त्यावर ओलं पोतं, म्हणजे जनावराचे पंजे भाजत नाहीत. मांजरीसाठी एक फुटका माठ आडवा करून ठेवायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, होडी दोन्ही टोकांनी बांधायची नाही. एकाच टोकाला दगड बांधून सोडायची, नाक आपोआप वाऱ्याकडं वळतं. काठालगत तर उभीच करायची नाही, काठचे खडक संध्याकाळपर्यंत आग ओकतात.

दोन दिवस लागले. पलीकडून माणसं गंमत बघत होती. "आबा, होडीवर कडब्याची गंज रचली का? आता म्हशी पाळा आत!" मी म्हणालो, "पाळतो. तू ये धार काढायला."

फोनवर बायकोला सांगितलं, "कडबा घातलाय."

आधी तिनं मांजरीचं विचारलं. मग म्हणाली, "रविवारी येते बघायला. लेक बी येईल."

रविवारी दोघी आल्या. बायको वाळली होती, पण चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. ती होडीत चढली, डेरा उचलून बाजूला केला आणि आपल्या जागी बसली. होडी सपाट झाली. मी वल्हं मारलं. होडी सुतासारखी सरळ गेली.

भर दुपारी होडी आत खोल पाण्यावर उभी होती. मांजर माठातून बाहेर येऊन तिच्या मांडीवर झोपली. कुत्री तिच्या पायाला पाठ लावून पडली. पोत्यातून वारा येत होता आणि त्याला ओल्या बारदानाचा वास होता. लेक म्हणाली, "आबा, आमच्या कूलरपेक्षा गार हाय की हितं!" मला इतकं बरं वाटलं की मी उगाच दोरी तपासायला गेलो.

बायकोनं खालच्या थराला हात लावून बघितला. म्हणाली, "गार हाय." मग म्हणाली, "पत्रा का काढला?"

लेक ऐकत होती. बायको माझ्याकडं बघत होती. तिला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. कडबा तिला फोनवरच कळला होता. एवढ्या उन्हात ती बार्शीहून आली होती ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. तोंडापर्यंत आलं होतं.

"गंजला होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "व्हय," म्हणाली. "जुना होता."

नंतर ती छान बोलली, हसलीही. माशाचं कालवण मी केलं होतं, ते नीट जेवली, मीठ कमी आहे म्हणाली. ऊन कललं तशी लेकीला म्हणाली, "चल, गाडी चुकंल."

"राहत न्हाईस?" मी विचारलं.

"कशाला? तुमचं झाक चाललंय."

मांजरीला खाली ठेवून ती उतरली. एस.टी. गेल्यावर मी परत होडीकडं आलो. डेरा तिनं बाजूला ठेवला होता तिथंच होता. मी तो उचलला नाही. नुसता काठावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळी ओढली नाही. कुत्री-मांजर शेजारच्या गड्याच्या हवाली केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पहिल्या गाडीनं बार्शीला गेलो. लेकीच्या घरी चहा चालला होता. जावई खुर्चीत, बायको खाली भाजी निवडत बसलेली. लेक म्हणाली, "आबा, अचानक? आत या की." मी आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून जावयाकडं तोंड केलं आणि बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो, "दवाखान्यात म्या तुमाला खोटं सांगितलं. ती पाणी पीत होती. पत्रा म्या टाकला, ती नको म्हणत असताना. तिला त्या पत्र्यानं घेरी आली."

मग चप्पल काढली आणि आत गेलो.