दाराशेजारचा न रंगवलेला तुकडा

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतजवळ उधन्यात दोन खोल्यांत राहायचो. नणंदेला बघायला बारडोलीहून पाहुणे येणार ठरलं आणि सासऱ्यांनी घर रंगवायला काढलं. सत्तरी ओलांडली होती, पण रंगारी बोलवू म्हटलं की चिडायचे. मिलमध्ये लागण्याआधी, ऐन तरुणपणी, ते स्वतःच मुंबईच्या गोदीत रंगारी होते.

दोन्ही खोल्या त्यांनी लख्ख केल्या. फक्त दाराशेजारी वीतभर तुकडा सोडून दिला. माझं टाळकंच सरकलं.

"बाबा, आधीच नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यात दारातच हा डाग?"

"डाग नही तो. तुनी सासूना हात शे."

माझ्या लग्नात सासूबाईंनी तिथे हळदीचा हात उमटवला होता. सासूबाई गेल्या, हळदही उन्हाने केव्हाच उडाली. मला तिथे नुसती कळकट भिंत दिसत होती. त्यांना मात्र तो हात दिसत होता.

मग स्टुलावर बसून ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका जहाजाबद्दल सांगू लागले. पांढरंशुभ्र, प्रवाशांचं. गोदीत आणून त्याची लढाऊ बोट केली. सोफे, आरसे, गालिचे बाहेर काढले. मडमा जिथे फिरायच्या, तिथे तोफा बसवल्या. भोक पडलं तरी तरंगावं म्हणून तळाशी रिकामी पिंपं भरली. रंगवायचं काम बाबांकडे आलं.

"पोऱ्यासनी खोली व्हती तठे. भिंतवर हत्ती काढेल व्हता. साहेबनी सांगं, आख्खं राखाडी करा. मी हत्ती बी पुसी टाका." मग म्हणाले, "जहाज गयं, ते परत उनं नही. तो हत्ती मना डोयासमोरथून जात नही."

तो तुकडा मी तसाच राहू दिला.

पाहुणे आले. मुलाची आई उंबऱ्यातच थबकली. "एवढंच कसं राहिलं हो रंगवायचं?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. नणंद आतून कानोसा घेत होती. सोयरीक दारातूनच परत जाते की काय, असं वाटलं. तरी मीच बोलले, "तिथे आमच्या सासूबाईंचा हात आहे. त्या आता नाहीत."

त्या बाई भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांनाही काही दिसलं नसणारच. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, त्या कोऱ्या तुकड्यावर अलगद हात टेकवला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या लेकीला मागायला आलोय."