हद्दपार कवी, मी आणि कालगुर्ली ते पर्थचा रस्ता

राज्यातल्या राज्यात फिरायला परवानगी मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी पबच्या किचनमध्ये कांदे चिरत होतो. सुरी ठेवली आणि शेफकडे थेट वीकेंड मागितला. कोविडमुळे मी इकडे कालगुर्लीत, या खाणींच्या गावात अडकलेलो आणि मैथिली तिकडे पर्थला.

कॉलेज मी त्याआधीच मधेच सोडलं होतं. लेक्चररशी वाजलं, डोकं तापलं, बॅग भरली आणि इकडे आलो. मैथिली मात्र युनीत प्राचीन इतिहास शिकते. लॉकडाऊनमध्ये तिने मला एका रोमन कवीबद्दल सांगितलं. राजधानीत असताना हा गडी प्रेमावर खट्याळ, ऐटबाज कविता करायचा. सम्राट चिडला आणि त्याला साम्राज्याच्या पार टोकाला, एका थंडगार किनाऱ्यावर हाकललं. तिथून त्याच्या लिखाणातली मस्तीच गेली. उरली एकच विनवणी, मला परत बोलवा.

मला वाटलं, हा तर मीच. मग रोज तिला पानभर मेसेज. इथे कोणी नाही, नुसती लाल माती, तू फोन का करत नाहीस. शेवटी तिचं उत्तर आलं, "तू मला सम्राट करून टाकलंयस. मला गर्लफ्रेंडच राहायचंय. रस्ता उघडला की ये, आपलं काय ते ठरवू. पण रडगाणं आणू नकोस."

गाडी सुहासदादाची, चालवणाराही तोच. तो इथल्या खाणीत इंजिनियर आहे. जवळपास सहाशे किलोमीटर अंतर, तेव्हा निघायचं उजाडल्यावरच, अंधारात कांगारू आडवे येतात. पेट्रोल वाटेतल्या सदर्न क्रॉस गावात भरून घ्या. तिथल्या थंडीत चिकन पाय, म्हणजे सारण भरलेली गरम पेस्ट्री, झकास लागतो. पर्थहून आमच्याकडे पाणी आणणारा जाडजूड पाइप रस्त्याला चिकटून धावत असतो. मेरेडिनच्या आसपास लाल माती संपून हिरवा गहू सुरू झाला आणि मी तिला सांगायचं ते पुन्हा मोठ्याने घोकायला लागलो.

"तिला काय सांगणार आहेस?" दादाने विचारलं.

"मी किती सहन केलं ते."

"उतर खाली."

"काय?"

"मी सकाळपासून ऐकतोय तर कान किटले. त्या पोरीने महिनोन्महिने ऐकलंय."

पर्थला पोचलो तेव्हा मैथिली नदीकाठच्या बाकावर होती, मधे नियमाचं दीड मीटर. "बोल," म्हणाली.

ओठांवर आलेलं सगळं गिळलं. म्हटलं, माझी कांदाभजी आता पबच्या मेन्यूवर आहे. खाणकामगार शिफ्ट सुटली की "मेट, ते कांद्याचं काहीतरी दे" म्हणत येतात. शेफ तिला अजून भाजी म्हणतो, मीही म्हणायला लागलोय. खाणीच्या कडेवरून खालचे अवाढव्य ट्रक खेळण्यातले वाटतात.

ती खळखळून हसली. दीड मीटर कधी संपलं कळलंच नाही.

"त्या कवीने तिथल्या लोकांची भाषा शिकून तिच्यात कविता केली होती," ती म्हणाली. "म्हणजे तोच तसं सांगतो. नेमकी तीच हरवली, रडगाणी सगळी राहिली."

"मग आता?"

"आता काय? मला सुट्टी आहे. दादाच्या गाडीत जागा आहे का विचार."

होती.

सुट्टी संपल्यावर ती ट्रेनने परत गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या सुट्टीत येते, तेव्हा लग्न करू आणि नवरा-बायको म्हणून घर बघू." रस्ता पुन्हा बंद झाला तर होऊ दे. मला इथून सोडवा असं आता मी कोणालाच म्हणणार नाही. उलट तुम्हीच या कालगुर्लीला. भजी माझ्याकडून.