हसला की पडायचा

माझा भाऊ मला उंदरात सापडला. हे वाक्य मी नातेवाइकांसमोर बोलत नाही, पण खरं तेवढंच आहे.

मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्या काही उंदरांमध्ये एक जनुक मुद्दाम बंद केलेलं असतं. मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक द्रव्य असतं, त्याचं काम जागेपण धरून ठेवायचं. ते द्रव्य पेशीवर ज्या रिसेप्टरला येऊन चिकटतं, तो या जनुकावरून बनतो. जनुक शाबूत असलेला उंदीर जागा असतो तेव्हा पुरता जागा असतो, झोपतो तेव्हा पुरता झोपतो. स्वप्न पडत असताना अंगातली ताकद गेलेली असते, म्हणून आपण स्वप्नात कितीही पळालो तरी अंथरुणातच राहतो. जनुक बंद केलेल्या उंदरात झोप आणि जाग एकमेकांत मिसळतात. जागेपणीच अंग स्वप्नातल्यासारखं ढिलं पडतं.

नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा मला ते चित्रीकरण दाखवलं. उंदराला चॉकलेटचा तुकडा टाकला होता. तो आनंदाने धावला, दोन घास खाल्ले आणि खाता खाता पोटावर सपाट झाला. थोड्या वेळाने उठला आणि जिथे सोडलं होतं तिथून खायला लागला. माझ्या तोंडून 'दादा' निघालं. शेजारच्या मुलीने वळून दाराकडे पाहिलं, कोणी आलंय का म्हणून.

दादा हसला की पडायचा. आधी मान लटकायची, मग गुडघे जायचे. शुद्ध जायची नाही, नुसतं हलता यायचं नाही. दिवसा कुठेही झोप लागायची ती वेगळीच. वालीवच्या कारखान्यात मशीनवर झोपला म्हणून नोकरी गेली. फुलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं की मुलगा पितो. एका डॉक्टरने फिट म्हणून गोळ्या दिल्या, आईने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. रडताना मात्र तो कधीच पडला नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं आम्ही काय बघत होतो, देव जाणे.

आणि त्याला हसवायचे ते बाबाच. बाबा मालवणी, मुलाला 'झिल' म्हणणारे, छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. प्रेमाने बोलणं त्यांना जमायचं नाही. ज्याच्यावर जीव, त्याची टिंगल. दादावर सगळ्यात जास्त जीव होता. दोघांचं सगळं बोलणं टिंगलीतूनच चालायचं.

एकदा बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. दारावर 'लवकरच सुरू होईल' असा कागद महिनोन् महिने डकवलेला. दोघे भाजी घेऊन जिना चढत होते. बाबा कागद वाचून म्हणाले, "आमच्या झिलाच्या नोकरीचा पण असाच. लवकरच सुरू होतली." दादा हसला आणि अर्धा जिना गडगडत खाली आला. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. त्यानंतर काही दिवसांतच मी तो उंदीर पाहिला.

मी दादाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. झोपेची तपासणी झाली, नार्कोलेप्सी हे नाव मिळालं. माणसात गोष्ट उंदरापेक्षा जरा वेगळी असते: रिसेप्टर जागच्या जागी असतो, पण ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. दार उघडायला माणूस बसलाय आणि कडी वाजवणारं कोणी नाही. गोळ्यांनी दिवसाची झोप आवरली. पडणंही कमी झालं, थांबलं नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे मी आईबाबांना जेवणाच्या टेबलावर सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हसल्यानच पडता?" मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून बाबा गप्प झाले. दादा घरात असला की फक्त कामाचं बोलायचे. गोळी घेतलीस? गॅस आलाय का? टीव्हीवर विनोदी काही लागलं की आई घाईघाईने बातम्या लावायची. पाहुणे आले तर मी दारातच सांगायची, थट्टामस्करी नको. आम्हाला वाटायचं आपण त्याला जपतोय. जिवंत माणसांच्या घरात आम्ही सुतक आणून ठेवलं आणि वर्षानुवर्षं पाळलं. दादा एकदा मला म्हणाला, "बाबा माझ्यावर रागावलेत का गं? पूर्वीसारखं बोलतच नाहीत." मी त्याला शास्त्र सांगितलं. मला तेच येत होतं.

मग बाबांची फुफ्फुसं गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, ते दिवसरात्र घरघरायचं. डॉक्टरांनी आता घरीच राहू द्या म्हटल्यावर दादा पलंगाजवळ स्टूल टाकून बसायला लागला. दोघे एकमेकांकडे बघायचे आणि बोलायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. आता तरी बोला की हो, असं ओरडावंसं वाटायचं.

त्या दुपारी बाबांचा श्वास फार वर लागला. समोरच्या काकू धावत आल्या. आई उशाशी उभी होती. बाबांनी डोळे उघडले आणि दादाला म्हणाले, "झिला, खाली जमनीर बस." तो बसला. मग माझ्याकडे बघून, "तो स्टूल काढ गो थंयसून." मला वाटलं, अंगावर वारा येत नाही म्हणून सांगतायत. मी स्टूल बाहेर नेऊन ठेवलं.

काकूंनी देवाजवळची गंगाजलाची कुपी आणली आणि चमच्याने बाबांच्या ओठांवर दोन थेंब सोडले. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि त्यावरून बिल्डिंगमध्ये रोज भांडणं होतात. बाबांनी ओठ चाटले, काकूंकडे बघितलं आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या पाणी आज कसा इला? आपलो वार तर उद्या."

दादाच्या नाकातून एक आवाज आला. मान लटकली आणि तो पलंगाच्या पायाशी लादीवर कलंडला. मी त्याच्या डोक्याखाली हात घातला. वर बघितलं तेव्हा बाबा मान वळवून त्याच्याकडेच बघत होते. आईने त्यांची छाती चोळायला घेतली. दादाला पुन्हा हात हलवता येईपर्यंत बाबा गेले होते.

काकूंनी हे पुढे सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. बापाचा जीव जाताना बघून मुलगा जागीच कोसळला, असं प्रेम आता राहिलं नाही म्हणाल्या. बाराव्याला जेवायला आलेली माणसं दादाच्या पाठीवर हात ठेवून जात होती. त्याला पिणारा म्हणणारेच ते. दुःखाने तो पडत नाही, हे त्यांना सांगावं असं फार मनात आलं, पण मी पुन्हा भाजी वाढायला गेले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघे बाबांची खोली आवरत होतो. दादा म्हणाला, "मला सगळं ऐकू येत होतं. आई रडली तेव्हा कळलं की गेले. हलता येत नव्हतं, आणि आत मी अजून हसतच होतो गं. तसाच हसत होतो." मग तो रडायला लागला, भिंतीला धरून, उभ्याने.

त्याला बसायला द्यावं म्हणून मी बाहेरचं स्टूल आणायला गेले. ते उचललं आणि मला कळलं. मी तशीच आत येऊन म्हटलं, "दादा, त्यांनी आधी तुला खाली बसवलं. मग मला हे हलवायला लावलं. त्यांनी आधी जागा करून घेतली रे."

दादाने स्टुलाकडे बघितलं. मग बाबांच्या रिकाम्या पलंगाकडे. रडता रडता त्याच्या नाकातून तोच आवाज आला आणि गुडघे गेले. मी स्टूल टाकून त्याला धरलं, हळूच लादीवर आडवं केलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय गं पडलं?"

"दादा," मी म्हटलं. "येऊ नकोस. हसू दे त्याला."