मैलापूरमार्गे जपान

जपानहून शिकून आलेल्या माणसाला लोक तीनच प्रश्न विचारतात. भूकंप झाला का, बुलेट ट्रेनमध्ये बसलास का, आणि कच्चा मासा खाल्लास का. तिन्हींची उत्तरं दोन मिनिटांत संपतात. खरं घडलेलं असतं ते भलतंच! पण ते कुणी विचारत नाही, म्हणून नुसतं साचत जातं.

आमच्याकडचा साठा बाहेर पडतो तो रविवारी सकाळी, चेन्नईत मैलापूरला सीनूच्या घरी. आम्ही तिघं. सीनू म्हणजे श्रीनिवास. तंजावरच्या मराठी घराण्यातला, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेला. देवी अस्सल चेन्नईची, शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आणि मी कुलकर्णी, मिरजेचा, ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात. उत्तर जपानातल्या एका छोट्या शहरात, एकाच विद्यापीठात, एकाच प्रोफेसरांच्या हाताखाली आम्ही तिघांनी मास्टर्स केलं. मोटरचा आवाज ऐकून तिच्यातला बिघाड ओळखायचा, हा आमच्या लॅबचा विषय. प्रोफेसरांना तिथे सेन्सेई म्हणतात, म्हणून आम्हीही सेन्सेईच म्हणतो.

कॉफी सीनूची आई करते. तिला सगळेच अम्मा म्हणतात. ती किस्से ऐकत बसते, आणि आम्ही काही वाढवून सांगितलं की लगेच पकडते.

* * *

सीनूची ॲडमिशनची मुलाखत याच घरातून झाली, व्हिडिओ कॉलवर. पांढरा शर्ट, टाय, खाली लुंगी. समोर स्क्रीनवर सेन्सेई.

पाचच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात अम्मा कॉफीचा टंबलर घेऊन खोलीत आली आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिकडे सेन्सेईंनी पाहिलं की मुलाची आई आली. ते खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकले.

अम्माला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्याला नमस्कार करतोय! तिने टंबलर खाली ठेवला आणि हात जोडून तीही वाकली. ती वाकली म्हणून सेन्सेई पुन्हा वाकले, जरा आणखी खाली. ते आणखी खाली वाकले म्हणून अम्मा आणखी खाली. सीनू मधे बसून आळीपाळीने दोघांच्या डोक्यांकडे बघत होता.

सातव्या वेळी सेन्सेई स्क्रीनच्या बाहेर गेले ते दिसेनातच.

अम्मा घाबरून म्हणाली, "सीनू, त्यांस काय जालें रे?"

"काही नाही अम्मा. तू बाहेर गेलीस तर ते वर येतील!"

* * *

मी होस्टेलवर पोचलो त्या दिवशी व्हरांड्यात एक मुलगा फोनवर बोलत होता. "हो अम्मा, जेवलों. अस्की बेश आहे. काळजी करूं नको."

परक्या देशात पहिल्याच दिवशी मराठी! 'अस्की' म्हणजे 'सगळं' हे मागाहून कळलं, पण बाकी मराठीच. मी धावत गेलो. "अरे, तू मराठी? मीपण! कधी आलास? कुठला? खोली कितवी? इथे चहाबिहा मिळतो का कुठे?"

तो मुलगा म्हणजे सीनू. त्याने फोन ठेवला. मग सावकाश म्हणाला, "तुम्ही बोललां ते अर्धें कळलें. पुन्हा सांगाल की?"

त्याची मराठी घरातली, तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेली. ऐकताना वाटायचं, समोर जीन्स घालून बखर उभी आहे. माझी मराठी त्याला फार घाईची आणि निम्मी हिंदी वाटायची. पहिले दोन महिने मोठी पंचाईत झाली. त्याला हिंदी येत नव्हती, मला तमिळ. इंग्रजी बोलायची तर वर्गात आम्हाला ताकीद होती, जपानीतच बोला. म्हणून आम्ही आपसात मोडकं जपानी बोलायला लागलो.

एकदा सेन्सेईंनी विचारलं, "तुम्हा दोघांची मातृभाषा एकच ना?"

"हो, सेन्सेई."

"मग आपसात जपानी का बोलता?"

सीनूने थोडा विचार करून खरं ते सांगितलं. "गैरसमज होऊ नये म्हणून!"

* * *

कँटीनमधल्या मावशींना सीनूने पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितलं. मांस खात नाही, मासा खात नाही, अंडं खात नाही.

मावशींचा चेहरा गंभीर झाला. "कधीपासून?"

"जन्मापासून."

त्यांनी काउंटरवरून हात लांब करून त्याच्या दंडावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ट्रेमध्ये भाताचा डोंगर, उकडलेला भोपळा आणि एक चिठ्ठी होती: 'लवकर बरे व्हा.'

* * *

सेन्सेईंसमोर मी माझ्या संशोधनाचा बेत मांडला. बेत साधा होता: घरातल्या मिक्सरपासून ट्रकच्या इंजिनापर्यंत जगातल्या झाडून सगळ्या मोटरींचे बिघाड एकाच प्रोग्रॅमने ओळखायचे. तेही दोन वर्षांत.

सेन्सेईंनी शांतपणे ऐकून घेतलं. श्वास आत ओढला आणि म्हणाले, "हे जरा... कठीण दिसतंय."

मी म्हणालो, "सेन्सेई, मी कठीण कामाला घाबरत नाही!"

तीन आठवडे खपून मी चाळीस पानं घेऊन गेलो. सेन्सेईंनी चाळीसही वाचली. "फारच इंटरेस्टिंग. पण जरा... कठीण दिसतंय."

मी म्हणालो, "मेहनत वाढवतो!"

आणखी तीन आठवड्यांनी साठ पानं झाली. या वेळी सेन्सेई उठले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि चहा प्यायले. शेवटी माझ्यासमोर बसून, बहुधा जपानी भाषेत सोयीचा शब्द न सापडल्याने, इंग्रजीत म्हणाले, "नो."

आणि लगेच वाकून त्यांनी माझी माफी मागितली!

बाहेर आलो तर सगळी लॅब दाराशी जमलेली. एक सीनियर माझ्याकडे आदराने बघत म्हणाला, "सहा वर्षं आहे मी इथे. त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी काढला नव्हता."

* * *

देवी शिकता शिकता एका चोवीस तास चालणाऱ्या दुकानात पार्टटाइम काम करायची. गिऱ्हाईकाने तयार जेवणाचा डबा काउंटरवर ठेवला की विचारायचं, "गरम करून देऊ का?" हे वाक्य तिने दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं, की समोरून कुणी काही पुढे केलं की ते आपोआप तोंडातून यायचं.

चेन्नईला परत आल्यावर शोळिंगनल्लूरच्या नोकरीत तिची पहिली मोठी मीटिंग जपानी क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉलवर होती. वातावरण तंग, कारण प्रोग्रॅममध्ये चुका निघाल्या होत्या. देवीचे मॅनेजर घामाघूम. क्लायंटच्या वतीने एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "चुकांचा रिपोर्ट आता तुमच्याकडे पाठवतो."

रिपोर्ट स्क्रीनवर आला. देवीने वाकून, अत्यंत नम्र जपानीत विचारलं, "गरम करून देऊ का?"

पलीकडे सगळ्यांनी रिपोर्टवरून माना वर केल्या. मॅनेजरांना जपानी येत नव्हतं, ते आशेने मान डोलवत होते.

मग ते गृहस्थ म्हणाले, "नको. इथून निघतानाच पुरेसा गरम होता."

आणि तिकडची अख्खी खोली हसायला लागली. मॅनेजरांनी नंतर देवीला तीनदा विचारलं, "तू त्यांना नेमकं काय प्रॉमिस केलंस?"

* * *

आम्ही परतल्यानंतर सेन्सेई एकदा एका परिषदेसाठी चेन्नईला आले. अम्माने त्यांना जेवायला बोलावलं. हॉटेल सीनूच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. "मी एकटा चालत येईन, मला शहर बघायचंय," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

साडेबाराची वेळ ठरली होती. जपानी माणूस आणि एक वाजला तरी पत्ता नाही! सीनूने फोन लावला.

"मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे," सेन्सेई म्हणाले. "फक्त रस्त्याच्या पलीकडे."

"कधीपासून?"

"बारा पंचवीसपासून. वाहनं थांबण्याची वाट पाहतोय."

आम्ही धावलो. पलीकडे सेन्सेई झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला हात उंच करून उभे. त्यांच्या देशात शाळेतली मुलं करतात तसा. समोरून बस, रिक्षा, पाण्याचा टँकर, कुणी ढुंकून बघत नव्हतं. आम्ही ओलांडायला निघणार, एवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी त्यांच्या शेजारी आली. तिने त्यांच्या वर केलेल्या हाताकडे एकदा पाहिलं, तो हात खाली ओढून मनगटाला धरला, "वा पा!" म्हणजे 'चल रे बाबा' म्हणाली, रस्त्यात उतरली आणि बसकडे बघितलंसुद्धा नाही. बस थांबली. टँकर थांबला. त्यांना आमच्या हवाली करून ती फुलवाल्यांच्या रांगेकडे निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी परिषदेत सेन्सेईंनी भाषणाची सुरुवातच अशी केली: "चेन्नईत रस्ता ओलांडायला सिग्नल लागत नाही. आजी लागते."

* * *

हा किस्सा मी फारसा सांगत नसे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात माझं काही म्हणजे काही जमत नव्हतं. प्रयोग फसत होते. दुपारी चारलाच अंधार पडायचा. मिरजेला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी साडेसहा हजार किलोमीटरवर एका मोटरचा आवाज ऐकत बसलो होतो. एक दिवस ठरवलं, पुरे झालं. शिक्षण सोडायचं, घरी जायचं.

सेन्सेईंना ते जपानीतच सांगावं, म्हणून वाक्य पाठ केलं. 'सोडायचं आहे' याला जपानीत म्हणतात 'यामेताइ'. खोलीत फेऱ्या मारत दहा वेळा म्हणून पाहिलं. आईचा फोन चालू होता ते विसरलोच.

"काय पुटपुटतोयस? आणि ही यामेताई कोण रे?"

तिला काहीतरी थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेईंच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि वाक्य म्हटलं.

सेन्सेईंनी मान थोडी तिरकी केली. "यासुमिताइ?"

यासुमिताइ म्हणजे 'विश्रांती हवी आहे'.

मी पुन्हा म्हणालो, "यामेताइ."

"हां, हां. यासुमिताइ. बरोबर आहे, तू दमलायस. आज बुधवार. सोमवारपर्यंत लॅबमध्ये येऊ नकोस. झोप, नीट जेव. सोमवारी नऊला ये." आणि ते कागदात डोकं घालून लिहायला लागले.

तिसऱ्यांदा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आपले उच्चार इतके वाईट आहेत, याचीच लाज वाटली. खोलीवर गेलो आणि खरोखर दोन दिवस झोपलो. शनिवारी सीनूने भात आणि आंबट वरण करून आणलं, म्हणाला, "जेवा. मग बोला." रविवारी आम्ही दोघं बर्फातून लांबवर चालून आलो. सोमवारी नऊला मी लॅबमध्ये होतो. पुढच्या वर्षी, सीनूनंतर वर्षभराने, डिग्री घेतली.

सेन्सेई चेन्नईला आले, तेव्हा त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. निरोप घेताना मी ते एकदाचं सांगून टाकलं. "सेन्सेई, त्या दिवशी मी 'यामेताइ' म्हणत होतो. माझे उच्चार वाईट होते म्हणून वाचलो!"

त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"कुरुकारुनी-सान," ते म्हणाले. माझं आडनाव त्यांना कधीच नीट जमलं नाही. "तुझे उच्चार तेव्हाही चांगलेच होते."

आणि सिक्युरिटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

* * *

आता शेवटचा. हा मी सांगायला लागलो की सीनू उठून आत जातो, आणि अम्मा मात्र तिथेच बसते.

सीनूच्या घरात आडनाव लावायची रीत नाही. वडिलांच्या नावाचं अक्षर पुढे लावतात, झालं. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना होता, तिथे वडिलांचं पूर्ण नाव आलं: रामचंद्र राव. जपानात माणसाला आडनावानेच हाक मारतात. त्यामुळे विद्यापीठात, बँकेत, दवाखान्यात सीनूला सगळे रामचंद्ररावच म्हणायचे.

खरे रामचंद्रराव सीनू बारावीत असताना वारले. फार शिकायची इच्छा होती त्यांची. पण कॉलेजच्या पहिल्याच वर्षी घरची जबाबदारी अंगावर आली आणि ते एका ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले, ते शेवटपर्यंत. अम्माने त्यांचं नाव कधी घेतलं नाही. 'हे', नाहीतर 'सीनूचे अप्पा'.

डिग्रीच्या समारंभाला अम्मा एकटी विमानाने आली. मार्च होता, बाहेर बर्फ होता. विभागाचा छोटा हॉल, पन्नासेक माणसं. माझी डिग्री अजून वर्षभर लांब होती, म्हणून मी तिच्या शेजारी बसलो होतो. ती कांजीवरम नेसली होती आणि वरून तिने माझं निळं जॅकेट घातलं होतं.

विद्यार्थी एकेक करून पुढे जात होते. आई-वडील खुर्च्यांवर निश्चल बसून होते. मग विभागप्रमुखांनी कागद वर धरला आणि मोठ्याने वाचलं, "रामाचान्दोरा राओ."

सीनू पुढे निघाला. आणि माझ्या शेजारी अम्मा उभी राहिली.

तिने जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सरळ उभी राहिली. सगळा हॉल बसलेला. मी हळूच म्हटलं, "अम्मा, बसा." तिने ऐकलं नाही. सीनूने दोन्ही हातांनी कागद घेतला, वाकला, जागेवर जाऊन बसला. तेव्हाच ती बसली.

विभागप्रमुखांनी पुढचं नाव वाचलं. मागच्या रांगेतून एक जपानी जोडपं बिचकत उभं राहिलं. त्यांच्या मुलाचं नाव होतं ते. मग त्याच्या पुढच्याचे आई-वडील. शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी उभं राहिलं.

बाहेर आल्यावर सीनूने विचारलं, "अम्मा, तू कां उभी राहिलीस?"

अम्मा जॅकेटची चेन लावत होती. ती लागत नव्हती.

"त्यांस हाक मारली नव्हे?" ती म्हणाली. "मग मी बसून कशी राहूं?"